आढ्याचं पाणी वळचणीला

आमच्या घरच्या विटांच्या वाटेचं वाटोळं पावसानं केलं, असं मी बरीच वर्षं लोकांना सांगत आलो. ते खरं नाही. ते मी केलं, आणि दर वेळी रोख पैसे मोजून केलं. मिस्त्री सांगितलं तेवढंच करत होता, विटा बिचाऱ्या पडून होत्या. काय काय केलं ते लाज बाजूला ठेवून सांगतो, कारण तुमसर तालुक्यात जुन्या घरांच्या अंगणात अशा वाटा अजून आहेत आणि त्यांचे मालक माझ्यासारखेच हौशी आहेत.

आंबागड तुमसरपासून तेरा-एक किलोमीटरवर. सातपुड्याच्या टेकड्या गावाला लागून, त्यांतल्या एकीवर किल्ला. देवगडच्या बख्त बुलंद शाहाचा सरदार राजाखान पठाण यानं तो १७०० च्या सुमारास बांधला. पुढं तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि त्यांनी त्याचा तुरुंग केला. पाहुणा आला की गडाची चौकशी करतो. आमच्या वाटेची चौकशी करायचं कोणाला कारण नव्हतं. फाटकापासून घराच्या कडेकडेनं मागच्या सांदवाडीतल्या विहिरीपर्यंत जाणारी, तीन फूट रुंदीची, आजोबांच्या काळातली वाट. विटा जुन्या, आजच्यापेक्षा पातळ, गडद तांबड्या. बहुतेक आडव्या बसवलेल्या. विहिरीजवळ, जिथं घागरी आपटायच्या तिथं, उभ्या. सांध्यांत रेती. दोन्ही काठांना अर्ध्याअधिक जमिनीत रोवलेल्या उभ्या विटांची ओळ. आणि वाट व घराचा जोता यांच्या मधोमध एक हातभर रुंदीची दगडी नाली. ही नाली लक्षात ठेवा.

घरावर तेव्हा कवेलू होते. माकडं आमच्या भागात कवेलूंचे काय हाल करतात ते इथल्या माणसाला सांगायला नको. शिवाय दरवर्षी मृगाआधी कवेलू फेरायला माणूस मिळेनासा झाला. शेवटी मी कवेलू उतरवून टिनाचे पत्रे टाकले. भिंतीवर झड येऊ नये म्हणून पत्रा पहिल्या वळचणीपेक्षा चांगला फूट-दीड फूट पुढं काढला. उतरवलेल्या कवेलूंच्या तुकड्यांचा ढीग अंगणात पडला होता, तो त्या नालीत भरून टाकला. नालीत डास होतात, आणि बुजवली की मोटारसायकल आत घेता येते, अशी दोन कारणं माझ्याकडे तयार होती. एका दगडात दोन पक्षी मारल्याचा मला तेव्हा अभिमानच वाटला.

दोनेक पावसाळ्यांनंतर वाटेच्या मधल्या पट्ट्यातल्या विटांचे पापुद्रे सुटू लागले. झाडताना खराट्याबरोबर तांबडा भुगा यायचा. काही विटा मधोमध खोलगट झाल्या, काही हलू लागल्या. मी निदान केलं: विटा म्हाताऱ्या झाल्या. पण फाटकाजवळच्या, पत्र्याच्या टप्प्यात न येणाऱ्या विटा त्याच वयाच्या होत्या आणि ठणठणीत होत्या. हे माझ्या डोळ्यांसमोर होतं, मी त्यावरून रोज ये-जा करत होतो, आणि मला दिसलं नाही.

पहिला उपाय सिमेंटचा. मिस्त्री म्हणाला होता, "भाऊ, एक डाव खोदून पाहू का जी, खाली का हाय ते?" मी म्हणालो, कायले खोदता, वरूनच चोपडा. खोदायची मजुरी वाचवायची होती, दुसरं काही नाही. त्यानं बारीक रेतीचा माल करून अर्धा-पाऊण इंचाचा थर दिला, घोटून गुळगुळीत केला. नवी कोरी करडी वाट पाहून गल्लीतल्या दोघांनी मिस्त्रीचा नंबर घेतला. त्यांचं पुढं काय झालं ते विचारायची मला हिंमत नाही.

श्रावणात त्या घोटलेल्या सिमेंटवर शेवाळ धरलं. जुन्या विटा खरखरीत होत्या, त्यांच्यावर पाय धरायचा; यावर पाय टिकेना. आई विहिरीकडून येताना घसरली आणि मनगट मोडलं. तुमसरला जाऊन प्लास्टर घातलं. ती काही बोलली नाही. आईनं न बोलणं म्हणजे काय ते ज्याला आई आहे त्याला कळेल. एवढ्यावरही मी उपाय चुकला असं मानलं नाही; मिस्त्रीला बोलावून त्या थरावर खराट्यानं रेघा मारता आल्या असत्या, एवढंच माझं म्हणणं.

उन्हाळ्यात थर पोकळ वाजू लागला आणि मग तुकड्या-तुकड्यानं निघाला. निघताना विटांचा वरचा पापुद्राही घेऊन गेला. कारण पुढं समजलं, ते इथंच सांगून टाकतो. वीट पाणी पिते आणि वाळताना ते सोडते. खालच्या मातीतलं पाणीही विटेतून वर चढतं. त्याच्याबरोबर मातीतले क्षार येतात. वर मोकळं असेल तर पाणी उडून जातं, क्षार पांढरा खार होऊन पृष्ठभागावर बसतो, झाडला की गेला. वरून सिमेंट लावलं की पाण्याची वाट अडते. ते विटेतच मुरून राहतं, क्षाराचे स्फटिक थराच्या आतल्या बाजूला, विटेच्या पोटात तयार होतात, फुगतात आणि विटेचं तोंड सोलून काढतात. म्हणजे वरून मजबुती आणि आतून पोखरणं ही दोन्ही कामं मी एकाच पिशवीत विकत आणली होती.

दुसरा उपाय नव्या विटांचा. खराब झालेल्या विटा काढायच्या आणि नव्या बसवून सांधे सिमेंटनं पक्के भरायचे. आता आमच्याकडे तिरोडा आणि मौद्याच्या औष्णिक केंद्रांमुळे राखेच्या विटा भरपूर मिळतात. पण त्या करड्या, जुन्या तांबड्यांत विजोड दिसतील म्हणून मी मातीच्याच शोधल्या. भातपट्ट्यात वीटभट्टी दिवाळीनंतर, धान कापून झालं की लागते. धानाचा कोंडा इंधनाला हाताशी असतो. अशा रचून पेटवलेल्या भट्टीत सगळ्या विटा सारख्या भाजल्या जात नाहीत, हे वीट घेणाऱ्यानं आधी समजून घ्यावं. मधल्या जास्त भाजून काळपट, वेड्यावाकड्या होतात, कधी एकमेकींना चिकटतात. कडेच्या कमी भाजून पिवळसर राहतात. त्यांच्या मधल्या त्या एक नंबर. मी काय केलं? भाव पाडून मागितला. भट्टीवाल्यानं हसून होय म्हटलं आणि ट्रॅक्टरमध्ये कडेच्या विटा भरून दिल्या. तो त्याच्या जागी बरोबर होता; पिवळ्या विटेचा भाव मी पिवळ्या विटेला दिला होता.

भिंतीला, आतून, गिलाव्याखाली अशी वीट चालूनही जाते. पायाखाली, उघड्यावर, भंडारा जिल्ह्याच्या पावसात ती चालत नाही. हे ओळखायला कारखान्यात जावं लागत नाही. दोन विटा एकमेकींवर हलक्या आपटल्या की पक्की वीट खणखणते, कच्ची थप्प वाजते. नखानं ओरखडा उठला की समजावं. आणि खात्रीची परीक्षा म्हणजे वजन: कोरडी वीट तोलायची, चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवायची, पुसून पुन्हा तोलायची. भारतीय मानकात साध्या विटेला वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत पाणी पिण्याची मुभा आहे, वरच्या दर्जाच्या विटेला १५ टक्के. मी ही परीक्षा केली, पण विटा बसवून, फुटून झाल्यावर. किराणा दुकानातल्या काट्यावर माझी नवी वीट पाव हिश्श्याच्याही वर पाणी प्यायली होती. आजोबांची वीट आठव्या हिश्श्याच्या आसपास थांबली. दुकानदारानं विचारलं, विटा किलोनं विकता का आता?

त्या पिवळ्या विटांच्या सांध्यांत मी सिमेंट ठासून भरलं होतं. सांधा विटेपेक्षा कडक झाला की ताण सगळा विटेवर येतो आणि सुकायची वाटही तिच्या एकटीच्या अंगातून उरते. सांधा मऊ असावा, म्हणजे बिघडला तर सांधा बिघडेल आणि तो पुन्हा भरता येईल. जुने लोक चुन्यात विटांची पूड, म्हणजे सुरखी, घालत. ओलीतही तो माल घट्ट होतो आणि तरी विटेच्या मानानं मवाळ राहतो. जुन्या वास्तूंच्या जतनाची कामं आजही चुन्यातच करतात, बेलफळ, गूळ, उडीद घालून. मला हे वाचून माहीत होतं. ते किल्ल्यांसाठी असतं, आपल्या अंगणासाठी नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

आता एक गोष्ट जी मी घरातही उशिरा कबूल केली. सिमेंटचे डाग आणि पांढरा खार काढायला मी संडास धुवायचं ॲसिड आणून वाटेवर ओतलं. फेस आला, धूर आला, विटा लालभडक दिसू लागल्या; मी फोटोही काढला. ॲसिड सिमेंट खातं, चुना खातं आणि विटेचं भाजलेलं तोंडही खातं. वर त्यातून नवे क्षार तयार होतात, म्हणजे जो खार काढायचा त्याचीच पेरणी. हे सगळं विहिरीपासून दहा पावलांवर. पाणी उपसून टाकलं, बायकोनं महिनाभर प्यायचं पाणी नळाचंच भरलं, आणि काठच्या जास्वंदीनं माझ्याशी संबंध तोडले ते कायमचे.

या काळात मला विटांबद्दल वाचायचं वेड लागलं होतं. काम चुकत असलं की माणूस पुस्तकं फार वाचतो. आमच्याच जिल्ह्यात पवनीला १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व विभागानं मिळून उत्खनन केलं, शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांनी. तिथल्या जगन्नाथ टेकडीत बौद्ध स्तूप निघाला. ह्याच जोशींनी पुढं १९९८ पासून अ. कु. शर्मांबरोबर रामटेकजवळच्या मनसरला खोदलं आणि वाकाटकांच्या काळातलं विटांचं प्रचंड बांधकाम उघडं केलं. मनसरला मी जाऊन आलो. हातभर लांबीच्या विटा, दीड हजार वर्षांच्या. घरी येऊन मी सगळ्यांना ऐकवलं की वीट मुळात टिकाऊ, दोष आजच्या मातीत. बायको म्हणाली, "ते इतकी वर्षं मातीखाली होतं ना? त्याच्यावर पत्र्याचं पाणी पडत होतं का?" मी विषय बदलला. ती कटंगीची आहे, बालाघाट जिल्ह्यातली. तिच्या माहेरी मागच्या दारी अशीच वाट आहे आणि तिला कोणी कधी हात लावलेला नाही.

तिसऱ्या खेपेला मी अखेर खोदलं. सगळ्या विटा काढल्या, आणि खाली काय आहे ते पाहिलं. आमच्याकडे जमिनीची नावं आहेत: कन्हार, मोरांड, खर्डी, सिहार, बर्डी. धान कुठं लावायचं आणि रब्बी कुठं घ्यायची ते यावर ठरतं. अंगणात होती कन्हार, म्हणजे काळी, पाणी प्यायली की फुगणारी आणि उन्हात भेगाळणारी. आजोबांनी तिच्यावर वीतभर मुरूम दाबून मग रेती घातली होती. मधल्या पट्ट्यात मात्र तो मुरूम चिखलात मिसळून गेला होता, रेती वाहून गेली होती. मी काय करावं? पुन्हा मुरूम आणला, पण धुमस न मारता पायानंच तुडवला, कारण पाऊस तोंडावर आला होता. आणि कमी पडलेली उंची तीन-तीन इंच रेती घालून भरून काढली. रेतीचा थर इंचभर पुरतो, विटेला बसायला गादी एवढंच त्याचं काम. जाड केला की वीट त्यात डुलते. पाणसळ लावून वाट अगदी सपाट केली, याचाही मला आनंद. सपाट म्हणजे पाण्याला जायला जागा नाही.

हे काम चालू असताना मजुरांपैकी एक जण म्हणाला, विटा-दगड कमी पडत असतील तर गडावर काय कमी माल पडला आहे, बैलबंडी लावू. गावातल्या किती जुन्या जोत्यांमध्ये गडाचा दगड असेल याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. किल्ला राज्य संरक्षित आहे आणि १९६० च्या महाराष्ट्राच्या कायद्यानं तिथला दगड उचलणं गुन्हा आहे. मी नाही म्हटलं. या सगळ्या प्रकरणात मी बरोबर वागलो असा हा एकमेव प्रसंग, म्हणून तो सांगायचा राहू दिला नाही.

त्या पावसाळ्यात झडीच्या एका दिवशी लाइट गेली होती म्हणून आम्ही दोघं दारात बसलो होतो. बायकोनं बोट दाखवलं. पत्र्याच्या प्रत्येक पन्हळीतून एक धार, आणि सगळ्या धारा एका रेषेत वाटेच्या बरोबर मधोमध पडत होत्या. रेषा इतकी सरळ की दोरी धरून मारल्यासारखी. जिथं धार तिथं सांध्यातली रेती उडत होती, वीट उघडी पडत होती. पडलेलं पाणी जोत्याकडे वळत होतं आणि जिथं नाली होती तिथं येऊन तुंबत होतं. "पाणी कुठं पडते ते तं पाहा ना आधी," ती म्हणाली. एवढं झाल्यावरही मी तिला सांगितलं की कवेलू होते तेव्हाही पाणी पडतच होतं. पडत होतं, पण आखूड वळचणीवरून जोत्याच्या कडेला, नालीत.

नंतर कागदावर हिशेब केला. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. घराचं त्या बाजूचं छप्पर चाळीसेक चौरस मीटर. जिल्ह्यात वर्षाला १३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. म्हणजे वर्षाला पन्नास हजार लिटरच्या वर पाणी मी नेम धरून तीन फुटी वाटेच्या छातीवर ओतत होतो, आणि जायचा रस्ता बुजवून ठेवला होता. शंभर मिलिमीटरचा एक दिवस म्हणजे चार हजार लिटर, टँकरला जरासं कमी. अशा पाण्याखाली कोणतीही वीट, कोणताही माल, कोणताही मिस्त्री टिकला नसता.

मग जे करायचं ते फार नव्हतं. नालीतले कवेलूचे तुकडे उपसले. दगड आत शाबूत होते. पत्र्याला पन्हाळ लावून पाणी कोपऱ्यातून नालीत आणि तिथून मागच्या बांधीत सोडलं. वाटेला जोत्यापासून बाहेरच्या बाजूला नाही, नालीकडेच, तीन फुटांना पाऊण इंच उतार दिला. मुरूम पाणी मारून धुमसानं दोन थरांत ठोकला. वर इंचभर रेती, त्यावर विटा, काठाला उभ्या विटा रोवून, म्हणजे वाट दोन्हीकडे पसरत नाही. सांध्यांत कोरडी रेती, झाडून भरलेली. सिमेंट कुठंही नाही. आई दिवाळीच्या सफाईत दरवर्षी वाटेवर रेती पसरून खराट्यानं मारायची आणि मी तिला कचरा करू नको म्हणायचो, तेच काम आता माझ्याकडे आहे. मोटारसायकल फाटकाबाहेर असते.

काम निर्दोष झालं असं म्हणणार नाही. विहिरीकडच्या शेवटच्या टप्प्यात रेती जाड राहिली, तिथं चार ओळी बसल्या आहेत आणि डबकं साचतं. ॲसिडनं खाल्लेल्या विटा उलट्या करून बसवल्या; त्यांची दुसरी बाजू किती टिकते ते दिसेलच. पिवळ्या विटा काढून टाकल्या, त्यांचा आता न्हाणीमागं ओटा आहे. त्यामुळं फाटकाकडचा काही भाग अजून नुसत्या मुरमाचा आहे, कारण जुन्या मापाच्या पातळ पक्क्या विटा आता भट्टीवर निघत नाहीत. घरकुलासाठी आमच्या भागात जुनी घरं सारखी पडताहेत आणि त्यांच्या विटा मलब्याबरोबर रस्त्याच्या खड्ड्यात जातात. मला साधारण दोनशे लागतील. तुमसर ते आंबागडच्या दरम्यान कोणी जुनं घर पाडत असेल, तर ट्रॅक्टर भरण्याआधी निरोप द्यावा. भाव पाडून मागणार नाही.